आपोआपची फळी

तारकाका कुठलीही वस्तू आधी नाकानं बघत. रेडिओ असो, मिक्सर असो, की लग्नांत भाड्यानं फिरून दमलेला अॅम्प्लिफायर असो, ते ती दोन्ही हातांनी उचलत, डोळे मिटत आणि खरबूज घेताना लोक देठापाशी हुंगतात तसे हुंगत. निदान डोळे उघडायच्या आत बाहेर पडे. "झुरळ." "चाय सांडलाय. अद्रकवाला." एकदा एका शिक्षिकाबाईंचा टेपरेकॉर्डर हुंगून ते म्हणाले, "घरात लहान मूल आहे, आणि त्याला वेळेवर कुणी बाथरूमला नेत नाही." बाई पुन्हा त्या गल्लीत दिसल्या नाहीत. टेपरेकॉर्डर न्यायला त्यांचे यजमान आले.

उज्जैनच्या फ्रीगंज वस्तीत, टावर चौकातून आतल्या गल्लीत वळलं की तिसरं घर त्यांचं. पुढची खोली हेच दुकान. पाटी नव्हती. सगळी नोकरी तार ऑफिसात टेलिप्रिंटर दुरुस्त करण्यात गेली म्हणून मराठी घरांत ते तारकाका, बाकीच्या फ्रीगंजला तारवाले काका. रिटायर झाल्यावर चार दिवस त्यांनी राम घाटावर फिरून बघितलं. पाचव्या दिवशी काकूंनीच शेजारणीचा बंद पडलेला मिक्सर आणून त्यांच्या पुढ्यात ठेवला, आणि घरात पुन्हा शांतता नांदू लागली.

खोलीच्या भिंतीला तीन फळ्या होत्या. पहिलीवर खडूनं लिहिलं होतं 'झालं', दुसरीवर 'होऊन राहिलं', आणि तिसरीवर 'आपोआप'.

तिसरी फळी सगळ्यांत भरलेली असे. गिऱ्हाईक आलं की काका विचारत, "काय झालं होतं?" दहांतले नऊ जण सांगत, "काही नाही हो, आपोआप बंद पडलं." हिंदीवाले म्हणत, "अपने आप." हा शब्द कानावर पडला की काका पुढे एक प्रश्न विचारत नसत. वस्तू उचलून तिसऱ्या फळीवर ठेवत आणि म्हणत, "ठीक आहे. आपोआप बिघडलंय तर आपोआप सुधरेल. येत जा अधूनमधून, बघत जा." खरी हकीकत सांगेपर्यंत ती वस्तू तिथून हलत नसे.

घाटावरच्या एका पंडाजींचा लाउडस्पीकरचा डबा त्या फळीवर तीन आठवडे होता. काकांनी पहिल्याच दिवशी तो वाकडा केला तेव्हा त्यातून वाटीभर पाणी आणि एक झेंडूची पाकळी बाहेर आली होती. तरी पंडाजी म्हणत होते, "अपने आप." चौथ्या खेपेला त्यांनी हात जोडले. "काका, क्षिप्रा मैया ने खींच लिया. मैं तो बस फूल चढ़ा रहा था, कोहनी लग गई."

"तो मैया का नाम पहिले दिन लेना था नी, महाराज," काका म्हणाले. "मैं इसमें जला हुआ माल ढूँढता रहता, और अंदर से निकलती मछली." डबा दोन दिवसांत वाजायला लागला.

लोकांना वाटे म्हातारा नीतिमत्ता शिकवतो. काकांना त्याचा राग येई. "पाप-पुण्याचं खातं महाकालाकडे. मला फक्त सुरुवात कुठून करायची तेवढं हवं. एकदा लाइनमन म्हणाला, साहेब, तार आपोआप तुटली. मी देवासच्या रस्त्यानं भर उन्हात खांब मोजत चालत गेलो. तार कुठे होती? त्याच्याच सासऱ्याच्या अंगणात. कपडे वाळत घातले होते तिच्यावर."

त्याच फळीच्या कोपऱ्यात स्टीलचा एक रिकामा डबा असे. तो काकूंनी ठेवला होता. काकांना साखरेचा आजार होता आणि घरातले लाडू मोजणीत कमी येत. काकूंनी विचारलं तेव्हा काका बोलून गेले होते, "काय माहीत, आपोआप कमी झाले असतील." काकूंनी डबा आणून फळीवर ठेवला. काकांनी कधी कबूल केलं नाही, आणि काकूंनी डबा कधी खाली काढला नाही.

आता माझं सांगते. मी शाळेत इंग्रजी, रस्त्यावर हिंदी आणि घरी मराठी बोलत मोठी झाले. तीन भाषा येत असल्या की गप्प बसायला तीन कारणं मिळतात. शाळेत वाटे व्याकरण चुकेल, रस्त्यावर वाटे लोक बघतील, आणि घरी पुण्याची मावशी आली की माझं मराठी ऐकून हसे. बी.एस्सी. झाल्यावर फ्रीगंजमधल्याच एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मला शिकवायची नोकरी लागली. त्या वर्षांत गल्लोगल्ली असे क्लास निघत होते. आमचा दीड खोलीचा होता. त्याचे मालक स्वतःला डायरेक्टर म्हणवत आणि मला मिस. मी फळ्याकडे तोंड करून शिकवत असे. मुलांना माझी वेणी पाठ झाली असावी.

क्लासमध्ये चार मशीन होती. तीन काळ्या-पांढऱ्या पडद्याची आणि एक रंगीत. रंगीत मशीन जुनंच होतं, इंदूरच्या कुठल्याशा ऑफिसातून आलेलं. त्याच्या आत हातभर लांबीचं एक कार्ड होतं. पडद्यावर काय दिसायचं ते हे कार्ड ठरवी. दसऱ्यानंतरच्या सोमवारी इंदूरहून मोठे साहेब तपासणीला यायचे होते. रंगीत मशीन नीट चाललं तर क्लासला वरच्या कोर्सची परवानगी मिळणार होती, आणि तो कोर्स मी शिकवणार होते. न मिळाली तर मी घरी बसणार होते. घरी बसले की मावशीनं पुण्याहून पाठवलेल्या तीन पत्रिका माझी वाट बघत होत्या.

दसऱ्याला सकाळी क्लासच्या मशीनची पूजा करायचं काम डायरेक्टर सरांनी माझ्यावर सोपवलं. आईनं घरून हळद-कुंकू, फूल, आपट्याची पानं दिली आणि बजावलं, "नुसत्या पत्र्याच्या खोक्याला काय लावतेस? दादा सायकलची पूजा करतो तेव्हा सीटला लावतो का? चेनला लावतो. जे काम करतं त्याला लाव." आईचं म्हणणं मला शास्त्रशुद्ध वाटलं. मी चार स्क्रू काढले. सगळ्यांत जास्त काम करणारं कोण? ते लांब कार्ड. त्यावर काळ्या आयसींची, म्हणजे चिपांची, एक रांग होती, आठ जणींची, पंगतीला बसल्यासारखी. मी पाण्यात कालवलेल्या हळदीचं आणि कुंकवाचं एकेक बोट तिथे लावलं. वर फूल ठेवलं, नमस्कार केला, फूल काढलं, झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केलं तर सगळा पडदा अवतरणचिन्हांनी भरलेला. जिथे रिकामी जागा असायची तिथे एकेक अवतरणचिन्ह, वरपासून खालपर्यंत. जन्मभर गप्प बसलेल्या मुलीच्या मशीननं एकदम हजार माणसांचं बोलणं उघडलं होतं. मधोमध, जिथे रोज WELCOME येई, तिथे लिहून आलं होतं WGNCOOG.

डायरेक्टर सर धावत आले. "मिस, किसी ने छेड़ा तो नहीं?"

"नहीं सर," मी म्हणाले. "अपने आप हुआ."

कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मिसनं कॉम्प्युटरच्या पोटाला हळद-कुंकू लावलं, हे त्या दीड खोलीत मी सांगू शकले नसते. टावर चौकात ते संध्याकाळपर्यंत पोचलं असतं.

कार्ड घेऊन मी तारकाकांकडे गेले. पुसलं मी ते नीट होतं. काकांनी ते उचललं, डोळे मिटले, हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं.

"काय झालं होतं, मिस?"

"आपोआप," मी म्हणाले.

कार्ड तिसऱ्या फळीवर गेलं, लाडवांच्या डब्याशेजारी.

शुक्रवारी मी गेले. काका म्हणाले, "नाही सुधरलं अजून. डब्याशी गप्पा मारून राहिलंय." आतून काकू म्हणाल्या, "डबा तरी खरं बोलतो म्हणावं." मी परत आले. शनिवारी डायरेक्टर सरांनी मला तीनदा विचारलं, आणि तिसऱ्यांदा विचारताना ते 'मिस' म्हणायचे विसरले.

संध्याकाळी मी पुन्हा त्या खोलीत उभी राहिले. काका एका इस्त्रीच्या पोटात डोकं घालून बसले होते. मी दाराकडे तोंड केलं, म्हणजे त्यांचा चेहरा दिसणार नाही, आणि म्हणाले, "काका, दसऱ्याला मी त्याला हळद-कुंकू लावलं. ओलं. आतून."

पाठीमागे पेचकस खाली ठेवल्याचा आवाज आला. मग काका म्हणाले, "अक्षता?"

"अक्षता नाही टाकल्या."

"बढिया. तांदूळ शोधायचं काम वाचलं." त्यांनी हात लांब करून कार्ड खाली काढलं. "मिस, विजेच्या वस्तूला कसा पण वास येतो. जळका येतो, कुजका येतो. पण माझ्या तीस वर्षांत एकाही वस्तूला हळदीकुंकवाच्या ताटाचा वास आला नव्हता. आता बसा. पडद्यावर काय दिसत होतं? 'गडबड' नका सांगू. गडबड तर मला पण दिसते."

मी पर्समधून डायरी काढली. मला बोलता येत नसे, पण बघता येई. कुठलं अक्षर कुठलं झालं ते मी सगळं उतरवून ठेवलं होतं. E चा G, L चा N, M चा O. शून्याचा दोन, एकाचा तीन. W, C आणि O मात्र जागच्या जागी. काकांनी ते पान चष्मा वर-खाली करून वाचलं आणि आत ओरडले, "अहो, ऐकलंत का! ही मुलगी बोलत नाही, पण लिहिते! चाय टाका!"

मग त्यांनी ड्रॉवरमधून टेलिप्रिंटरच्या कागदी पट्टीचा एक तुकडा काढला. तारेचं प्रत्येक अक्षर म्हणजे त्या पट्टीवरच्या पाच घरांतली भोकं. कुठल्या घरात भोक आहे, कुठल्यात नाही, त्यावरून अक्षर ठरायचं. "एकदा दोन नंबरचं घर अडकून बसलं," ते सांगू लागले. "भोक असो की नसो, मशीन म्हणे, आहे. मग प्रत्येक E चा A, T चा L, S चा U. व्यापाऱ्यांच्या तारा सगळ्या. अर्ध्या माळव्याचे SETH तीन दिवस UALP होऊन राहिले होते. एक तर भांडायला आले, म्हणाले, ये उआल्प किसको बोला?"

मी हसले. तोंडावर हात न ठेवता हसले, हे मला नंतर लक्षात आलं.

"तुमच्या मशीनमध्ये किती घरं?"

"आठ," मी म्हणाले, आणि म्हणतानाच मला दिसलं. आठ घरं, आठ आयसी. प्रत्येक आयसी एकेक घर सांभाळते. E आणि G मध्ये एकाच घराचा फरक. L आणि N मध्ये तेच घर. रिकाम्या जागेचं अवतरणचिन्ह होतं तेही त्याच घरामुळे. ज्या अक्षरांत ते घर मुळातच भरलेलं, ती बदलली नव्हती. मी हे सगळं एका दमात बोलून टाकलं, तिन्ही भाषा एकत्र करून. काकांनी मान डोलावली. "म्हणजे एक आयसी आडमुठी झालीय. कोणती, ते हळद सांगेल."

रविवारी क्लास बंद होता, किल्ली माझ्याकडे होती. काका पिशवी घेऊन आले. स्पिरिट आणि जुना टूथब्रश घेऊन त्यांनी कार्ड घासलं, एकेक आयसी तिच्या बेसमधून अलगद उपटली आणि उलटी करून हुंगली. सहाव्या आयसीच्या पायांत पिवळी रेघ वाळून बसली होती. "ही बघा, सवाष्ण," ते म्हणाले. साफ करून लावली तरी अवतरणचिन्हं तशीच. आयसी मेलेली होती, आणि तसली आयसी उज्जैनमध्ये मिळणार नव्हती.

"आता खात्री करू," काका म्हणाले आणि त्यांनी ती आयसी दुसऱ्या एका घरातल्या आयसीशी बदलली. "रोग आयसीत असेल तर तिच्याबरोबर घर बदलेल."

मी मशीन सुरू केलं. पडदा हिरवागार झाला. काठोकाठ. त्यावर लहान अक्षरांत लिहून आलं, welcome.

आम्ही दोघं बघत राहिलो. अवतरणचिन्हं गेली होती. नव्या घरात बसलेली ती आयसी आता प्रत्येक मोठ्या अक्षराचं लहान अक्षर करत होती, आणि रंगाचे आकडेही त्याच आठ घरांतून जात असल्यामुळे अक्षरांमागे हिरवा रंग भरत होती. बाकी सगळं चालू होतं.

"वाचता येतंय नी?" काका म्हणाले. "इंदूरहून आयसी येईपर्यंत चालवा असंच. साहेब येऊन, चाय पिऊन जातील." पिशवी उचलून ते दारापर्यंत गेले आणि वळले. "फक्त त्यांनी विचारलं, हे असं का, तर काय सांगायचं ते आजच ठरवून ठेवा. माझ्या तिसऱ्या फळीवर जागा नाहीये."

सोमवारी डायरेक्टर सरांनी हिरवा पडदा बघितला आणि त्यांचे डोळे भरून आले. त्या मशीननं इतका रंग त्यांना कधी दाखवलाच नव्हता. साहेब आले, चहा प्यायले, तीन मशीनपुढून जांभई देत गेले आणि चौथ्यापुढे थांबले.

"अरे वा! ये हरा कैसे किया?"

"हमारी मिस ने किया है, सर," डायरेक्टर सर छाती काढून म्हणाले. "रात-दिन मेहनत करके. अॅडवान्स कोर्स यही लेंगी."

नुसतं हसून मान खाली घातली असती तरी भागलं असतं. मान खाली घालायची तर मला जन्माची सवय होती. पण खाली बघितलं तेव्हा मला डोळ्यांपुढे काकांच्या फळीवरचा लाडवांचा डबा दिसला. खरंच दिसला.

"सर," मी म्हणाले, "मैंने नहीं किया. मैंने इसको हल्दी-कुंकू लगाया था. दसऱ्याला. अंदर से." घाबरल्यामुळे मधे मराठी आलं.

डायरेक्टर सर मटकन खाली बसले. साहेब माझ्याकडे बघत होते. "हल्दी से हरा?"

मग सांगावंच लागलं. मी खडू घेतला, फळ्यावर आठ घरं काढली, त्यात E भरला, एक घर अडकवलं, G झाला. मग दुसरं घर अडकवलं, मोठं अक्षर लहान झालं. मला वाटतं पंधरावीस मिनिटं मी बोलत होते. मधेच कधीतरी लक्षात आलं की माझं तोंड लोकांकडे आहे.

साहेब बाहेर पडताना डायरेक्टर सरांना हळूच म्हणाले, "कोर्स इन्हीं से करवाना. और सुनो, हमारे इंदौर में तो उद्घाटन के दिन मॉनिटर पर नारियल फोड़ा था. हेड ऑफिस को लिखा, अपने आप टूट गया."

काकांना हे सांगितलं तेव्हा ते इतके हसले की काकूंना पाणी आणावं लागलं. मावशीच्या तीन पत्रिका आईनं परत पाठवल्या. मेलेली आयसी काकांनी कापसात गुंडाळून मला दिली, म्हणाले, "सवाष्ण आहे, फेकू नका."

मी तो कोर्स तीन वर्षं शिकवला. नंतर पुण्याला नोकरी लागली. तिथे दिवसभर फोनवर लोक मला त्यांच्या मशीनची गाऱ्हाणी सांगतात आणि मी विचारते, "काय झालं होतं?" ते म्हणतात, "काही नाही, आपोआप." मी गप्प राहते. गप्प राहणं मला येतंच. थोड्या वेळानं पलीकडचा माणूस घसा साफ करतो आणि म्हणतो, "म्हणजे, तसं मी…"

गेल्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा उज्जैनहून एस.टी.डी. फोन आला. काका गेले. दसऱ्याचं जेवण झालं, दुपारी आडवे झाले, चहाला हाक मारली तर उठले नाहीत.

"काय झालं होतं?" मी विचारलं. तोंडातून तेच निघालं.

"काही नाही गं," काकू म्हणाल्या. "आपोआपच गेले बघ."

मी काही बोलले नाही. खरंच काही सुचलं नाही म्हणून. तारेत नुसती खरखर ऐकू येत होती.

मग काकू म्हणाल्या, "श्रीखंड मागितलं होतं त्यांनी. दोन वाट्या. म्हणाले, वर्षाचा सण आहे, आज चोरून नको, वाढा. मी वाढलं." त्या थांबल्या. "मीच वाढलं गं. कुणाला नाही सांगितलं, तुला सांगते."

"बरं केलंत, काकू," मी म्हणाले.

"सांगितलं ते?"

"वाढलंत ते."

पलीकडे काकू बराच वेळ रडल्या. मग नाक ओढून म्हणाल्या, "डबा काढला मी आज फळीवरून. घासून आत ठेवला."